होलरॉइडबाईचा चौथा ठोका

हॅलिफॅक्स (आपलं, मूळचं)
मंगळवार, २९ ऑक्टोबर २०१९

प्रिय ग्रॅहम,

एवढं जाड पाकीट बघून तू आधी खुर्ची शोधली असशील. आपल्या वयात पोस्टाने काही जाडजूड आलं की कोणीतरी गेलं असंच वाटतं. कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे, उजवा गुडघा सोडला तर. जॉयसही मजेत आहे. दर नाताळला कार्डावर आपण दोन ओळी लिहितो, त्यातली एक हवामानाची असते आणि दुसरी जॉयस लिहिते, तेव्हा माझ्या हातून एवढं लांब पत्र निघतंय याचं नवल तुझ्याइतकंच मलाही आहे. तू हॅलिफॅक्स सोडून समुद्रापार कॅनडात गेलास आणि तिथेही हॅलिफॅक्सच शोधून काढलंस, यावर इथल्या पबात माणसं अजून हसतात. तर आता चहा करून घे आणि नीट बस.

शनिवारी मी लीड्सला गेलो होतो, जुन्या गिरणीच्या तळघरातल्या त्या गॉथ क्लबमध्ये, काळे कपडे आणि उदास गाणी अजून चालतात तिथे. हिलरीबरोबर. इथे तू पत्र खाली ठेवलं असशील. ठेवू नकोस. तुझ्यासमोर तुझ्या बहिणीचं नाव काढायचं नाही हे पथ्य मी तेहतीस वर्षं पाळलंय. तुमच्या आईला पुरलं तेव्हा तुम्ही दोघं खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतात, आणि मी पाद्र्याच्या मागे, कोणाकडे बघावं ते न कळून आपल्या बुटांकडे बघत होतो. ती बिचारी म्हातारी शेवटपर्यंत म्हणत होती की माझी दोन पोरं एकदा एका टेबलावर जेवलेली बघू दे. ते काही झालं नाही. पण या वेळी हिलरीचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही, कारण हे पत्र तुम्हा दोघांबद्दल आहे.

झालं असं, की हडर्सफील्डच्या चार जणांनी तुमच्या हॉलो पॅरिशचा ट्रिब्यूट बँड, म्हणजे नकलेचा बँड, काढलाय. हस, मीही हसलो. तुमच्या बँडची एक मोठी तबकडी आणि तीन छोट्या निघाल्या, त्यातल्या निम्म्या तुझ्या मावशीने विकत घेतल्या, आणि आज ही माणसं तुमचे कपडे, तुमचे केस, तुमची गाणी घेऊन गावोगाव फिरताहेत. स्वतःला सेकंड पॅरिश म्हणवतात. त्यांचा गाणारा ऍशली, म्हणजे तुझी नक्कल करणारा, दिवसा पोस्टमन आहे. त्याने कुठून तरी हिलरीचा पत्ता काढला आणि मोठ्या आदराने बोलावणं धाडलं. हिलरीने मला फोन करून सांगितलं की ती जाणार, पण एकटी नाही.

मग काय, माळ्यावरचा काळा कोट काढला. बटणं लागायचा प्रश्नच नव्हता. जॉयसने स्वयंपाकघरात मला खुर्चीवर बसवून डोळ्यांत काजळ घातलं आणि म्हणाली, वाटेत काही झालंच तर निदान तयारीनिशी जाशील. बसमध्ये चढलो तर ड्रायव्हरबाईने आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मयताला उशीर झाला का म्हणून विचारलं. हिलरीने उत्तर दिलं की मयत आमच्याशिवाय सुरूच होणार नाही. ती तशीच आहे रे. केस पांढरे झालेत, ते तिने त्या दिवसापुरते काळे केले होते, आणि तुमच्या आईची चांदीची साखळी गळ्यात होती. सगळ्या वाटेने ती हसत होती, पण पर्सची कडी उघडबंद करत होती.

क्लब भरलेला होता. तुला वाटेल तरुण पोरंपोरी असतील. होती थोडी. बाकी सगळे आपल्या वयाचे. तोंडाला तोच पांढरा लेप, फक्त आता सुरकुत्यांत जाऊन बसतो. बिअर, सफरचंदाची सायडर आणि ब्लॅककरंटच्या आंबट फळांचं सरबत एकत्र करून ते जांभळं पेय अजून देतात. मी अर्धाच पेला घेतला, कारण आता ते मला रात्रभर झोपू देत नाही. मंचावरच्या यंत्राने धूर सोडला की निम्मे लोक खोकतात. नाच मात्र तसाच, दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि हाताने डोक्यावरची कोळिष्टकं झटकायची. सेकंड पॅरिशच्या आधी दुसराच एक ट्रिब्यूट बँड वाजला तेव्हा एका गृहस्थाला जुने दिवस आठवले. आपण पूर्वी एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे करायचो ना, तसा तो बायकोला खांद्यावर घ्यायला खाली बसला. बायको चढली नाही आणि त्याला उठता येईना. शेवटी चौघांनी धरून उभा केला, तर तो अंग झटकून पुन्हा नाचायला लागला. मला ही माणसं फार आवडतात, ग्रॅहम. तू गेलास तेव्हा मी त्यांना उगाचच तुझी माणसं समजून सोडून दिलं होतं.

आता जुनं थोडं काढतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी हॉलो पॅरिशचा ड्रमर होतो, पहिली दोन वर्षं. टॉफीच्या कारखान्यात माझी रात्रपाळी लागली आणि तालमी बुडायला लागल्या. मग एक दिवस चिप्सच्या दुकानात, व्हिनेगर मागता मागता तू मला सांगितलंस, "नेव्ह, होलरॉइडबाईंना रात्रपाळी नसते." शाळेत पट्टी आपटून गाणं शिकवणाऱ्या बाईंचं नाव तू त्या मशीनला दिलं होतंस, टोस्टरएवढ्या काळ्या पेटीला. बटण दाबलं की ताल सुरू, ना चूक ना दमणूक. त्या वेळी सगळेच बँड माणूस काढून मशीन ठेवत होते, त्यात नवल नव्हतं. मी हसलो, तुझ्या पुडीतल्या चिप्स खाल्ल्या, आणि व्हॅन चालवायला राहिलो. दोन वर्षं मी होलरॉइडबाईंना घोंगडीत गुंडाळून लीड्स, मँचेस्टर, हल फिरवलं. माझ्या जागेवर बसलेल्या पेटीला मीच शेजारच्या सीटवर बसवून न्यायचो. तू कधी विचारलं नाहीस की नेव्ह, तुला कसं वाटतं. आणि मीही कधी बोललो नाही. आपण यॉर्कशायरचे, आपल्याकडे असलं कोणी विचारत नाही.

तर सेकंड पॅरिश मंचावर आले. ऍशली बारीक आहे, गालफडं बसलेली, आणि तुझा तो लांब कोट त्याने कुठून मिळवला देव जाणे. एक एक लकब उचललीय त्याने. माइकचा दांडा फावड्यासारखा धरणं. ओळीच्या शेवटी खोकल्यासारखा श्वास. तिसऱ्या गाण्यात तर त्याने लोकांकडे पाठ फिरवली आणि पूर्ण कडवं तसंच म्हटलं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. तू पाठ फिरवायचास कारण तुला शब्द पाठ नसायचे आणि ते ऍम्प्लिफायरला चिकटवलेले असायचे, हे मी तिला सांगितलं नाही. हिलरीने मात्र मला असं कोपराने ढोसलं की पेला सांडला.

पण मी बघत होतो मागे. त्यांच्याकडे मशीन नाही. जोडी नावाची मुलगी आहे, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, ती होलरॉइडबाई होऊन वाजवते. चेहरा कोरा, मान ताठ, खांदा हलत नाही, नुसती मनगटं. मशीनने माझी जागा घेतली होती आणि आता एक पोरगी मशीनची जागा घेऊन बसली होती. मजा वाटली मला. आणि मग लक्षात आलं, माझा पाय तिच्याबरोबर चाललाय, एकही ठोका चुकत नाहीय. तेहतीस वर्षांत मी ती गाणी ऐकलेली नाहीत, खरं सांगतो, घरात तबकडी आहे पण लावलेली नाही. मग पाय कसा चालतो?

मधल्या सुट्टीत जोडी आमच्या टेबलाशी आली. मी तिचं कौतुक केलं, तर म्हणाली की काका, एक गोष्ट शिकायला मला चार महिने लागले. ते जुनं मशीन बिघडलेलं असणार, त्याचा चौथा ठोका केसभर मागे राहतो, दर वेळी, आणि तो सरळ वाजवला की गाणं मरतं. ती गेली आणि हिलरी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बिघडलेलं नव्हतं. तो तू आहेस." तू आणि ती तीन आठवडे रोज रात्री आपल्या जुन्या तालमीची कॅसेट लावून बसायचात म्हणे, आणि एकेका ठोक्याचे बारीक तुकडे करून होलरॉइडबाईंना माझ्यासारखं लंगडायला शिकवत होतात. तू तिला म्हणाला होतास की नेव्हशिवाय हे गाणं चालायचंच नाही. आणि नेव्हला सांगू नकोस अशी तिला शपथ घातली होतीस. का रे? लाज वाटली? मला नाही कळलं. मी तिथे त्या जांभळ्या पेल्याकडे बघत बसलो, आणि मला रडू आलं. काजळ पार गालावर आलं, पण त्या जागी ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि मग शेवट. तुला आठवण करून द्यायला नको, नोव्हेंबर शहाऐंशी, लीड्स, चारशे माणसं आणि लंडनहून फक्त तुम्हाला ऐकायला आलेला तो तबकड्यांच्या कंपनीचा माणूस. होलरॉइडबाईंची आठवण सेलवर चालायची. प्लग काढला की मागचे चार सेलच सगळे ताल सांभाळून ठेवायचे. दर आठवड्याला ते बदलायचे, हे हिलरीचं काम. संध्याकाळी तयारी झाली, आधीच्या बँडला जागा करायला प्लग काढला, आणि रात्री तू हात वर केलास, हिलरीने बटण दाबलं, तर बाई ठार कोऱ्या. दोन मिनिटं तू तसाच उभा होतास. आणि मग माइकवर म्हणालास, "माझ्या बहिणीला फक्त एक काम दिलं होतं." चारशे माणसं हसली. हिलरी तोंडाला रंग तसाच ठेवून गर्दीतून चालत स्टेशनवर गेली. नाताळपर्यंत बँड संपला. ती सांगत राहिली की गुरुवारी नवे सेल घातले होते. तू म्हणालास, मग भुतांनी खाल्ले का.

त्या रात्रीची कॅसेट कोणीतरी केली होती, ग्रॅहम. ती हातोहात फिरली, आणि या भाबड्या लोकांना वाटतं की ते सगळं तू मुद्दाम केलंस. त्यांच्यात ती एक प्रथा होऊन बसलीय. ऍशली पुढे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला की आता शेवटचं गाणं नाही, शेवटची शांतता. जोडीने काठ्या खाली ठेवल्या. त्याने तुझ्यासारखा हात वर केला. दोनशे काळे कपडेवाले माना खाली घालून उभे राहिले, चर्चमध्ये राहत नाहीत इतके गप्प, फक्त धुराचं यंत्र फुसफुसत होतं. दोन मिनिटं मोजून. आणि मग सगळ्यांनी एका सुरात, डोळे मिटून म्हटलं, "माझ्या बहिणीला फक्त एक काम दिलं होतं." त्यांना ती कवितेची ओळ वाटते. ऍशलीने दिवा आमच्या टेबलावर वळवायला लावला आणि हिलरीपुढे कमरेतून वाकला. त्याच्या मनात पाप नव्हतं, त्याला तो मान वाटत होता. लोक टाळ्या वाजवत होते. हिलरी उठली, पेला वर केला, हसली आणि बसली. टेबलाखाली तिने माझं मनगट धरलं होतं, त्याचा वळ अजून आहे.

घरी येताना बसथांब्यावर तिने पर्सची कडी पुन्हा उघडबंद केली. मग म्हणाली, "नेव्ह, मी गुरुवारी सेल बदलले असं सांगत आले. पण आता मला तो गुरुवार दिसतच नाही. विसरले असेन मी. माणूस विसरतं." आणि मग तिने तुझा पत्ता मागितला. तुला पत्र लिहिणार आहे, चूक माझीच होती म्हणून. आम्ही दोघं भावंडं साठीला आलो, हट्ट कोणी तरी सोडायला हवा, असं तिचं म्हणणं. पत्ता मला तोंडपाठ आहे. मी तिला सांगितलं, घरी जाऊन शोधतो. शनिवारपासून तिचे दोन फोन येऊन गेले, आणि दोन्ही वेळा जॉयसने उचलून मी बाहेर गेलोय असं खोटं सांगितलं. माझ्या सांगण्यावरून.

तिने सेल बदलले होते, ग्रॅहम. गुरुवारीच बदलले होते. मी काढले. तयारी आटोपल्यावर तुम्ही सगळे खायला गेलात, मी सामानापाशी थांबलो, आणि व्हॅनमधल्या टॉर्चचे मेलेले सेल बाईंच्या पाठीत घातले. तुझा बँड बुडवायचा नव्हता मला. आधीच्या बँडचे ड्रम मंचावर मागे तसेच उभे होते, आणि माझ्या काठ्या माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होत्या. मला वाटलं, बाई गप्प झाल्या की तू मागे वळशील आणि म्हणशील, नेव्ह, बस. एवढंच हवं होतं. ती दोन मिनिटं मी मंचाच्या पायरीवर एक हात खिशात घालून उभा होतो. तू तिच्याकडे बघितलंस, माझ्याकडे नाही. पहिल्या दिवशी भीतीने बोललो नाही, पहिल्या वर्षी लाजेने, आणि पुढे तर सांगायला तोंडच उरलं नाही. तिचा भाऊ मी तोडला आणि दर नाताळला तिच्या घरी पुडिंग खाल्लं. ती खोट्या चुकीची माफी मागणारं पत्र लिहील, आणि तू मोठ्या मनाने माफ करशील, आणि तुम्ही दोघं सुखी व्हाल, हे मला बघवणार नाही. म्हणून तिच्या आधी मी लिहिलं. उद्या सकाळी हे पत्र पेटीत टाकून मी सरळ तिच्या दारात जाणार आहे आणि हेच सगळं तिला तोंडावर सांगणार आहे. मग ती मला दार बंद करेल तर करू दे. तुझा पत्ता तिला देणार नाही, कारण लिहायचं तिने काही नाही. फोन तू करायचा आहेस. नंबर या पानाच्या मागे लिहिलाय. फोन जिन्याखाली आहे आणि तिला उतरून यायला वेळ लागतो, तेव्हा लगेच ठेवू नकोस.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
नेव्ह